फळी आणि अपरिग्रह

उत्साही : काकाजी, गाडीसाठी बांधलेल्या खोलीत आज गाडी सोडून सगळं काही आहे. रंगाचे अर्धे डबे, कूलर आणि त्याच्या ताट्या, गणपतीचं मखर, फवारणीचा पंप, मुलांची जुनी पुस्तकं, आजीचे पितळी गुंड. सगळं फरशीवर, एकावर एक. गाडी मात्र बाहेर उन्हात, आणि वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन ४५ अंशांच्या पुढे जातं. सामान जमिनीवर ठेवणं ही साठवणुकीची सगळ्यांत महाग पद्धत आहे, असं माझं मत आहे. पावसाळ्यात फरशीतून ओल वर चढते, खोक्यांच्या तळाला वाळवी लागते, मागच्या अंधारात उंदीर आणि विंचू घर करतात. शिवाय खाली दबलेली वस्तू दिसत नाही, म्हणून ती दुसऱ्यांदा विकत आणली जाते. पाना घरात असतो आणि आपण नवा घेतो. यावर उपाय साधा आहे : लोखंडी अँगलची, नट-बोल्टवर उभी राहणारी पाच फळ्यांची मांडणी. खर्च आवाक्यातला, काम एका रविवारचं. यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे, हे मला समजून घ्यायचं आहे.

साशंक : मांडणीला माझी हरकत नाही. मांडणीने प्रश्न सुटतो, या समजुतीला आहे. रिकाम्या फळ्या उभ्या राहिल्या की त्या भरतात, आणि काही दिवसांनी फरशीवर पुन्हा सामान येतं. जागा असली की ‘राहू दे, कधीतरी लागेल’ म्हणणं सोपं होतं. खोली अडली म्हणजे निदान पायाला ठेच लागते आणि विचार करावा लागतो. तुझी फळी ती ठेच काढून टाकते. आपण सेवाग्रामपासून आठेक किलोमीटरवर राहतो, तेव्हा तिथलीच गोष्ट सांगतो. १९७८च्या जानेवारीत इव्हान इलिच हे विचारवंत एका परिषदेसाठी सेवाग्रामला आले होते. परिषदेचा विषय होता गरिबांसाठीचं तंत्रज्ञान. भाषणाआधी ते गांधीजी जिथे राहत त्या बापूकुटीत बसून आले आणि त्याच झोपडीवर बोलले. माणसाने जमवलेलं सामान त्याला आतून बळ देत नाही, उलट तो त्याच्या आधाराशिवाय पांगळा होतो. आजचं घर माणसापेक्षा सामानाच्या सोयीने आणि सुरक्षिततेसाठी बांधलेलं असतं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. तुझी गॅरेजची खोली घे. सिमेंट, लोखंड, विटा खर्चून सामानाला पक्कं छप्पर दिलं आहे, आणि आता त्याच सामानासाठी आणखी लोखंड आणायचं आहे. गरजेपुरतंच ठेवण्याचं, अपरिग्रहाचं व्रत जिथे जगून दाखवलं गेलं, त्या जिल्ह्यात तरी पहिला प्रश्न ‘किती फळ्या’ हा नसावा, ‘कशासाठी’ हा असावा.

उत्साही : बापूकुटीचा दाखला तुम्ही दिलात, तर तो पुरता पाहू. गांधीजी १९३६च्या एप्रिलमध्ये शेगावला राहायला आले. त्याच गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. नंतर ते ज्या कुटीत राहिले ती मूळची मीराबेनची. त्या कुटीत माती-बांबूच्या भिंतीलाच काढलेल्या फळ्या आहेत. म्हणजे अपरिग्रहाच्या घरालाही फळी लागलीच. आणि वस्तू थोड्या होत्या म्हणून जागा नेमून दिलेली नव्हती असं नाही. प्रत्येक वस्तूला जागा होती म्हणूनच थोड्या वस्तूंत काम भागत होतं. आणखी एक वस्तू आश्रमात आजही पाहायला मिळते : साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि सापासाठीची पेटी. साप मारायचा नाही, पकडून लांब सोडायचा, म्हणून ती होती. आता ‘वर्षभर हाताळली नाही ती वस्तू टाकून द्या’ हा हल्लीचा नियम तिला लावून पाहा. चिमटा वर्षातून एकदाही लागणार नाही कदाचित, पण ज्या क्षणी लागेल त्या क्षणी तो शोधत बसणं परवडणार नाही. गरज किती वेळा पडते यावर वस्तूचं मोल ठरत नाही. वर्ध्यातल्या मगनवाडीत १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झालं. तिथे चरखे, ग्रामोद्योगाची अवजारं, गावात बनणाऱ्या वस्तू नीट मांडून ठेवल्या, कारण जी अवजारं डोळ्यांसमोर असतात तीच हातात घेतली जातात. माझ्या गॅरेजमधली करवत, रंधा आणि पाण्याच्या पंपाचे सुटे भागही तसेच दिसले पाहिजेत.

साशंक : चिमट्याचं म्हणणं पटलं. ते मी सोडून देणार नाही, पुढे त्याकडे येऊ. पण भिंतीत काढलेली फळी आणि तुझी अँगलची मांडणी यांत एक मोठा फरक आहे. भिंतीतली फळी वाढत नाही. घर बांधतानाच ठरतं की एवढंच ठेवायचं. तुझ्या अँगलला मात्र ठरावीक अंतरावर भोकं असतात. आज पाच फळ्या, उद्या सात, परवा शेजारी दुसरी मांडणी. हा शोधच तसा आहे. लंडनमध्ये दिमित्रियस कोमिनो नावाच्या अभियंत्याचा छापखाना होता. गरज बदलली की लाकडी मांडण्या मोडायच्या आणि नव्या करायच्या, यात वाया जाणारं सामान आणि श्रम त्याला खटकत होते. त्यातून भोकांचा अँगल निघाला आणि १९४७ साली ‘डेक्सियन’ या नावाने बाजारात आला. नासाडी थांबवण्यासाठी केलेला शोध म्हणून मी त्याला मानतो. पण ज्या सोयीने नासाडी थांबते, त्याच सोयीने वाढीला दारही उघडतं. शिवाय मजबुतीचाही प्रश्न आहे. आपल्याकडची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. त्यावरची भिंत वर्षातून दोनदा हलते. गॅरेजची भिंत बहुधा साडेचार इंची, आतून पोकळ वाजणारं प्लास्टर. त्यात खिळे ठोकून तू किती वजन टांगणार आहेस?

उत्साही : टांगणारच नाही, हेच तर माझं उत्तर आहे. भिंतीवरच्या ब्रॅकेटचं गणित पाहा. बारा इंच खोल फळीवर ४० किलो सारखं पसरलं आणि ब्रॅकेटची भिंतीला टेकलेली उंची आठ इंच असली, तर वरच्या स्क्रूंवर मिळून ३० किलोची ओढ येते. तीच फळी अठरा इंच खोल केली तर ओढ ४५ किलो होते. सामान तेवढंच, पण भिंतीतून स्क्रू उपटण्याचं बळ दीडपट. हलणाऱ्या साडेचार इंची भिंतीवर हा जुगार कोणी खेळू नये. म्हणून वजन जमिनीवर उतरवायचं, आणि भिंतीला फक्त मांडणी पुढे कलंडू नये एवढ्यासाठी वरून बांधायचं. मांडणीची उंची तिच्या खोलीच्या चौपट झाली की बांधणं टाळू नये : अठरा इंच खोल मांडणी सहा फूट उंच असेल तर ती त्या मर्यादेला पोहोचलीच.

दुसरी गोष्ट फळीच्या लांबीची. लोक मजबुती जाडीत शोधतात, ती खरं तर दोन आधारांमधल्या अंतरात असते. दर फुटावर वजन तेच ठेवून फळीची लांबी तीन फुटांवरून चार फूट केली, तर तिचा झोळ तिपटीहून जास्त वाढतो. बारा मिलिमीटरऐवजी अठरा मिलिमीटरचं प्लाय घेऊन झोळ जेवढा कमी करावा, जवळजवळ तेवढा ती एक फूट जादा लांबी खाऊन टाकते. म्हणून माझं माप तीन फुटांचं. पुस्तकं फुटाला साधारण दहा किलो भरतात. वीस लिटरची रंगाची बादली ३० किलोच्या आसपास जाते. जड वस्तू खालच्या दोन फळ्यांवर, हलक्या वर. आणि मांडणी पडते ती बहुतेक वेळा फळी मोडून नाही, खांब एका बाजूला झुकून. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी आणि पाठीमागे तिरपी पट्टी हवीच. स्वस्त मांडणीत नेमकी हीच पट्टी वाचवली जाते. पायाखाली चकती, भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर, सगळ्यांत खालची फळी फरशीपासून सहा इंच वर. म्हणजे झाडू आत जातो आणि वाळवीची मातीची रेघ वर चढताना दिसते.

आपल्या घराघरांत असतो तो कडप्पा मी मुद्दाम टाळला. त्याला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही, हे खरं. पण पाऊण इंच जाडीची तीन फूट बाय दीड फुटाची फळी स्वतःच वीस किलोच्या वर भरते, तिला दोन्ही बाजूंना बांधकाम लागतं, आणि दगड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. लाकूड आणि लोखंड आधी झोळ दाखवतात.

साशंक : हिशेब चोख आहे. मापाबद्दल मी आता वाद घालणार नाही. पण ‘आवाक्यातला खर्च’ हा शब्द तू सहज वापरलास, तिथे थांबू. आवाका कोणाचा मोजायचा? जे. सी. कुमारप्पा याच वर्ध्यात, मगनवाडीत बसून ग्रामोद्योग संघाचं काम पाहत. त्यांनी सतत हेच विचारलं की वस्तूची बाजारातली किंमत कमी दिसते, तेव्हा उरलेली किंमत कोण भरतं. अँगल कारखान्यातून येतो, पत्रा कारखान्यातून येतो. गावातल्या सुताराच्या वाट्याला काय येतं? विदर्भात चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान आहे, मेळघाट-गडचिरोलीचा बांबू आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांतल्या फळ्या, माच, खुंट्या त्यातूनच झाल्या. सुताराने केलेली मांडणी नातवापर्यंत टिकते आणि मोडली तर तोच दुरुस्त करतो. तुझा पत्रा गंजला की भंगारात जातो. स्वस्त म्हणताना दुरुस्ती कोण करणार आणि मजुरी कोणाच्या घरात जाणार, हे दोन आकडे बिलात धरायला हवेत.

उत्साही : धरायला हवेत, मान्य. पण धरले तरी उत्तर तुम्ही समजता तेवढं सरळ येत नाही. सागवान आज मध्यम घराच्या आवाक्यात राहिलेलं नाही; सुताराकडे गेलो तर तोही प्लाय किंवा पार्टिकल बोर्डच सुचवतो. पार्टिकल बोर्ड वजनाखाली हळूहळू कायमचा वाकतो आणि आपल्या पावसाळ्यात कडेने फुगतो. गॅरेजमध्ये तो घालूच नये. बांबू मला आवडतो, पण कच्चा बांबू वापरला तर भुंगेरे आतून त्याचं पीठ करतात. पावसाळा संपल्यावर तोडलेला, बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला बांबू हवा, आणि तो करून देणारा माणूस हवा. असा माणूस मिळाला तर मी फळ्या बांबूच्या पट्ट्यांच्याच करीन. सांगाडा मात्र अँगलचाच ठेवीन, कारण तो उलगडतो. घर बदललं तर नट-बोल्ट काढून सोबत नेता येतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला भिंतीत कोनाडा काढायची परवानगी कोण देणार? आणि जुना अँगल भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो, घासून रंग दिला की पुन्हा उभा राहतो. कुमारप्पांच्या कसोटीवर एकच लोखंड तीन घरांत फिरणं हेही टिकाऊपणाचंच लक्षण ठरावं.

आणि काकाजी, साठवणुकीकडे एवढ्या संशयाने पाहताना हा शेतकऱ्यांचा जिल्हा आहे हे विसरू नका. ज्याला माल ठेवायला कोरडी जागा नाही, त्याला तो पडेल त्या भावाने विकावा लागतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून याच पायावर उभी आहे : माल बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, भाव आल्यावर विका. घरच्या बियाण्याचंही तसंच. सोयाबीनचं टरफल पातळ. पोतं आपटलं, ओल लागली किंवा थप्पी फार उंच झाली की उगवण घटते, आणि ७० टक्क्यांच्या खाली गेली की ते बियाणं म्हणून चालत नाही. जमिनीपासून वर उचललेली एक लाकडी फळी त्या घराचा बियाण्याचा खर्च वाचवते. साठवण ही हाव असेलही, पण ज्याच्याजवळ थोडं आहे त्याच्यासाठी ती थांबण्याची ताकद असते.

साशंक : हे तू बरोबर पकडलंस. साठवणूक म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर भरल्या घरांची अडगळ होती, आणि बियाण्याचं पोतं त्या यादीत बसत नाही. तेव्हा माझं म्हणणं असं दुरुस्त करतो : वस्तू दोन तऱ्हेच्या असतात. काही पुढच्या कामासाठी थांबलेल्या असतात, जशी बियाणं, अवजारं, तो चिमटा. आणि काही केवळ टाकवत नाहीत म्हणून पडून असतात. पहिलीला फळी द्यावी, दुसरीला नाही. पण एक तिसरी तऱ्हाही आहे, आणि तुझ्या यादीत ती आधीच आली आहे : फवारणीचा पंप. पंप आहे तिथे उरलेल्या औषधाची बाटलीही असते. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना शेतकरी आत्महत्यांमुळे मदतीचं पॅकेज दिलं, त्यांत वर्धा होता. त्या बाटलीला तू कोणती फळी देणार? उंच, कुलूपबंद, असं म्हणशील. श्रीलंकेच्या ग्रामीण भागात ५० हजारांहून अधिक कुटुंबांना घेऊन हेच तपासलं गेलं. निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या दिल्या. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले : पेट्यांमुळे विषबाधा कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आली तेव्हा मात्र आत्महत्यांचं प्रमाण बरंच खाली आलं. याचा अर्थ असा की काही वस्तूंसाठी चांगली जागा शोधणं हाच चुकीचा प्रयत्न आहे. ती वस्तू घरात नसणं हीच एक सुरक्षित जागा. मांडणी जितकी नीटनेटकी, तितकं आपल्याला वाटतं की सगळं नीट ठेवलं गेलं आहे. मला भीती आहे ती या समाधानाची.

उत्साही : ही भीती मला मान्य करावी लागेल. लहान मुलांच्या हाताला लागू नये म्हणून कुलूप तरीही हवं, पण मोठ्या माणसाच्या वाईट घडीला ते पुरत नाही. तेव्हा औषध लागेल तेवढंच, त्याच दिवशी आणायचं आणि उरवायचं नाही. पेट्रोल आणि थिनरही तसंच : टिनाच्या छपराखाली मे महिन्यात त्यांना कुठलीच फळी योग्य नाही. म्हणजे मांडणीची पहिली पायरी तुम्ही म्हणता तीच : काय ठेवायचंच नाही, ते आधी ठरवणं.

पण तुमच्या दुसऱ्या तऱ्हेपाशी मी अडतो. ‘टाकवत नाही म्हणून पडून असलेली वस्तू’ हे कोणी ठरवायचं? आजीचे गुंड पंचवीस वर्षांत पाण्याला लागलेले नाहीत. तुमच्या व्याख्येने ते अडगळ. आजीच्या लेखी ते तिचं माहेर आहे. माझ्या करवतीकडे बायको अडगळ म्हणून पाहते, मुलाच्या तुटक्या सायकलीकडे मी. अपरिग्रह हे व्रत आहे, आणि व्रत माणूस स्वतःपुरतं घेतो; दुसऱ्याच्या वस्तूंवर ते लादलं की ती जबरदस्ती होते. आश्रमात आलेला माणूस ते स्वीकारून आला होता. घरात जन्मलेल्या माणसाने असं काही कबूल केलेलं नसतं. फळी मला म्हणूनही हवी आहे. चार माणसांची चार प्रकारची माया एका छताखाली भांडण न होता राहावी, एवढी सोय ती करते.

साशंक : आणि त्याच सोयीने प्रत्येकजण स्वतःला विचारायचं टाळतो. तू म्हणतोस ते खरं, आजीचे गुंड मी काढायला सांगू शकत नाही. पण आजीला कोणी विचारलं आहे का, की ते गॅरेजच्या पाचव्या फळीवर, धुळीत, कोणाला न दिसता राहावेत असं तिला वाटतं का? कदाचित ती म्हणेल, एक नातीच्या घरी पाठवा आणि एक ओट्यावर पाणी भरून ठेवा. आपण फळी बांधतो तेव्हा हा प्रश्न विचारण्याची गरज संपते. म्हणून माझा आग्रह एवढाच : फळ्यांची संख्या आधी ठरव आणि नंतर ती वाढवू नकोस. मर्यादा असली तरच संवाद होतो. पाच म्हणजे पाच. भिंतीतल्या कोनाड्याचं काम तुझ्या अँगलकडून करून घे.

उत्साही : पाच मी कबूल करतो, पण त्यांत एक रिकामी ठेवीन; अचानक आलेल्या गरजेसाठी. तुम्ही म्हणाल, रिकामी आहे तर चारच कर.

साशंक : म्हणणारच. रिकामी फळी हे आमंत्रण असतं.

उत्साही : आणि मी म्हणेन, ती उसंत असते. शेजाऱ्याचं घर गळलं, पुतण्या शिकायला आला, तर त्याचं सामान ठेवायला जागा नसलेलं घर मला नको आहे. इथे आपलं एकमत होणार नाही, आणि ते झालं नाही तरी चालेल. पण ज्यावर दोघंही उभे आहोत ते स्पष्ट आहे. लोखंड आणण्यापूर्वी कागद आणावा. सगळं सामान अंगणात काढावं, प्रत्येक वस्तूपुढे तिचं वजन आणि ती कोणाची हे लिहावं. घरात नकोच ते आधी वेगळं करावं, दुसऱ्याच्या कामाचं ते देऊन टाकावं, आणि जे उरेल त्याच्या मापाची मांडणी करावी : लांबी तीन फूट, जड वस्तू खाली, कोपऱ्यांत पट्ट्या, वरून भिंतीला बांधलेली. फळ्या चार की पाच, हे एकट्या गाडीवाल्याने ठरवू नये. ज्यांच्या वस्तू तिथे राहणार आहेत, त्या सगळ्यांना आजीसकट अंगणात बसवून ते ठरवावं, आणि मगच पाना हातात घ्यावा.